लिनक्स कर्नल लायब्ररी म्हणून चालवताना मेमरी कुठल्या थरातून द्यायची

लिनक्सचा टीसीपी स्टॅक (नेटवर्कचा कोड) आणि ईएक्सटी४ ही फाइलसिस्टम एका साध्या प्रोग्रामच्या पोटात चालवायचे आहेत, व्हर्च्युअल मशीन उभारायचं नाही, रूटचा हक्क मागायचा नाही. अशी गरज असेल तर सगळ्यात रुळलेली वाट म्हणजे एलकेएल, लिनक्स कर्नल लायब्ररी. ऑक्टेव्हियन पुर्डिला आणि सहकाऱ्यांनी २०१० मध्ये मांडलेल्या या कामाची युक्ती सरळ आहे. एक्स८६ किंवा एआरएम जसं आर्किटेक्चर, तसंच 'एलकेएल' हेही कर्नलला एक आर्किटेक्चरच म्हणून दाखवायचं. खाली हार्डवेअर नसतं. त्याऐवजी होस्ट, म्हणजे कर्नलला पोटात घेणारा प्रोग्राम, फंक्शन-पॉइंटरांचं एक स्ट्रक्चर भरून देतो: थ्रेड, सेमाफोर, म्युटेक्स, टायमर, छपाई आणि मेमरी. बाकी कर्नल जसाच्या तसा कंपाइल होतो.

मेमरीसाठी या स्ट्रक्चरमध्ये दोन जोड्या आहेत. मेम-अलॉक आणि मेम-फ्री कुठल्याही आकारासाठी, पेज-अलॉक आणि पेज-फ्री पेजच्या (४ केबीच्या) पटीतल्या आकारासाठी. लिहायला काहीच लागत नाही, आणि म्हणूनच बहुतेक जण इथे विचार न करता पुढे जातात. खरा प्रश्न या चार फंक्शनांचा नाहीच. कर्नलच्या आत केमॅलॉक हे मेमरी मागण्याचं नेहमीचं फंक्शन आहे, त्याच्याखाली एकाच प्रकारचे ऑब्जेक्ट 'स्लॅब' नावाच्या गठ्ठ्यांत ठेवणारा स्लब, स्लबखाली अख्खी पेजं वाटणारा बडी अलोकेटर, त्याखाली बूटच्या वेळचा मेमब्लॉक. या उतरंडीत नेमकं कुठे कापायचं आणि त्या कापाखाली होस्टची मेमरी बसवायची, हे ठरवावं लागतं.

दोन जागी कापता येतं आणि दोन्ही ठिकाणी लोकांनी कापून पाहिलेलं आहे. २०१५ च्या मार्चमध्ये हाजिमे ताझाकी यांनी लिनक्ससाठी 'लिबओएस' नावाचा प्रस्ताव मांडला. त्यात स्लॅबचा थरच काढून केमॅलॉक आणि त्याची भावंडं होस्टच्या मॅलॉककडे, म्हणजे सी लायब्ररीच्या मेमरी देणाऱ्या फंक्शनकडे, वळवलेली होती. एलकेएल मात्र खालच्या थरात कापतं: होस्टकडून एकच मोठा पट्टा घ्यायचा, त्यावर लिनक्सचे स्वतःचे बडी आणि स्लब चालू द्यायचे. नेटबीएसडी या दुसऱ्या ऑपरेटिंग सिस्टमच्या रम्प कर्नलमध्ये, जो असाच लायब्ररीसारखा चालतो, अँटी कांटी यांनी दोन्ही सोयी ठेवल्या. बिल्ड करताना कर्नलचे खरे केमेम, पूल आणि व्हीमेम हे अलोकेटर निवडता येतात, नाहीतर हायपरकॉलला (होस्टला मारलेल्या हाकेला) थेट जाऊन भिडणारं पातळ आवरण निवडता येतं. तिथला हायपरकॉल लांबीबरोबर अलाइनमेंटही, म्हणजे पत्ता कितीच्या पटीत हवा तेही, मागतो. हा बारकावा लक्षात ठेवा, पुढे लागेल.

आम्ही दोन्ही थर क्रमाने बसवून पाहिले. होस्ट ६४ बिट एक्स८६ लिनक्स, सी लायब्ररी जीलिबसी. बिल्डबद्दल सांगण्यासारखं फार नाही: 'टूल्स/एलकेएल' या फोल्डरमध्ये मेक चालवायचं, तिथलीच बूट टेस्ट चालवायची, ती पास झाली की मग हात घालायचा. कर्नलची मेमकॉपी, स्ट्रलेन असली नावं होस्टच्या नावांशी भिडत नाहीत, कारण ऑब्जकॉपी या साधनाने मोजक्या प्रवेश-फंक्शनांखेरीज सगळी नावं आतच कोंडलेली असतात.

केमॅलॉकच्या जागी मॅलॉक

वरच्या थरात कापण्याचा मोह पडतो त्याला कारण आहे. प्रत्येक ऑब्जेक्ट होस्टच्या हीपमध्ये (मॅलॉकच्या साठ्यात) वेगळा दिसतो, त्यामुळे व्हॅलग्राइंड हे मेमरीच्या चुका शोधणारं साधन थेट सांगतं की कर्नलच्या कुठल्या फंक्शनने घेतलेली मेमरी परत केली नाही. आधीच मेमरीचा पट्टा ठरवून ठेवावा लागत नाही. आणि केमॅलॉकची सही दिसायला मॅलॉकसारखीच, फक्त एक फ्लॅग जास्त.

पहिली ठेच शून्य आकाराला लागते. केमॅलॉकला शून्य बाइट मागितले तर तो १६ हा आकडाच पॉइंटर म्हणून परत देतो आणि केफ्रीला तो दिला तर केफ्री गप्प बसतो. आवरणाने तो पॉइंटर तपासल्याशिवाय होस्टच्या फ्रीकडे ढकलला की प्रोग्राम तिथेच कोसळतो. दुरुस्ती एका ओळीची आहे, पण कोसळल्यावर दिसणारा १६ हा पत्ता कुठून आला हे माहीत नसेल तर माणूस भलतीकडे शोधत बसतो.

मग अलाइनमेंट. जीलिबसीचा मॅलॉक ६४ बिट मशीनवर १६ बाइटांची हमी देतो, त्याहून जास्त नाही. लिनक्स ५.४ पासून केमॅलॉकची हमी याहून कडक आहे: आकार दोनचा घात असेल तर पत्ताही त्याच आकाराला अलाइन हवा. ५१२ मागितले तर ५१२ ला, ४०९६ मागितले तर ४०९६ ला. ब्लॉक लेयर आणि फाइलसिस्टम यावर विसंबून असतात. मॅलॉककडून मोठा तुकडा एममॅपने (होस्टच्या कर्नलकडून थेट पेजं घेणाऱ्या कॉलने) आला तर त्याचा पत्ता पेजच्या सुरुवातीला नसतो, १६ बाइट पुढे असतो, कारण आधी जीलिबसीचं स्वतःचं हेडर असतं. म्हणून दोनच्या घाताला पॉझिक्स-मेमअलाइन वापरावं लागतं. ते जास्तीची जागा घेऊन दोन्ही बाजूंनी छाटतं, आणि ते छाटलेले तुकडे हीपमध्ये विखुरतात. ४ केबीच्या मागण्या भरपूर असतील तर हीप अपेक्षेपेक्षा लवकर फुगतं.

यापुढची गोष्ट कन्स्ट्रक्टरची. केमेम-कॅश (एकाच प्रकारच्या ऑब्जेक्टांचा साठा) बनवताना कन्स्ट्रक्टर (ऑब्जेक्टची सुरुवातीची स्थिती भरणारं फंक्शन) देता येतो. स्लब तो नवा स्लॅब बनवताना प्रत्येक जागेवर एकदाच चालवतो, प्रत्येक मागणीला नाही. ऑब्जेक्ट परत करणाऱ्याने तो 'बांधलेल्या' स्थितीतच परत करायचा असा करार आहे. इनोडच्या (फाइलच्या नोंदींच्या) कॅश अशाच चालतात: लॉक आणि लिस्ट-हेड कन्स्ट्रक्टरमध्ये तयार होतात. मॅलॉकच्या आवरणाला जागा नवी की वापरलेली हे कळत नाही, म्हणून प्रत्येक मागणीला कन्स्ट्रक्टर चालवावा लागतो. वेळ जातो, पण बरोबर चालतं.

बरोबर चालतं असं म्हणालो खरं, पण ते आरसीयूने (लॉकशिवाय वाचू देऊन जुनी मेमरी वाचणारे संपल्यावरच सोडणाऱ्या पद्धतीने) संरक्षित कॅश सोडून. टीसीपी सॉकेटची कॅश 'टाइपसेफ बाय आरसीयू' या फ्लॅगने बनते. सॉकेट शोधणारा कोड लॉक घेत नाही. हॅश टेबलातून पॉइंटर उचलतो, रेफरन्स काउंट शून्य नसेल तर वाढवतो, मग पत्ते आणि पोर्ट पुन्हा जुळवून पाहतो. मधल्या वेळात तो सॉकेट मोकळा होऊन त्याच जागी दुसरा सॉकेट आला तरी चालतं, कारण तो सॉकेटच असतो. चालत नाही ते जागेचा प्रकार बदलणं. जीलिबसीच्या फ्रीने हेच होतं. मोकळ्या केलेल्या तुकड्याच्या पहिल्या १६ बाइटांवर टीकॅश, म्हणजे जीलिबसीचा मोकळ्या तुकड्यांचा साठा, आपली यादी लिहितं, आणि पुढच्या क्षणी तीच जागा कुणाचं तरी स्ट्रिंग बफर झालेली असते. शोधणाऱ्याला रेफरन्स काउंटच्या जागी कचरा मिळतो. बारीक ट्रॅफिकवर हे दिसतच नाही. जोडण्या भराभर उघडबंद झाल्या की दिसतं, तेही दर वेळी वेगळ्या ठिकाणी.

उपाय म्हणजे अशा कॅशचे ऑब्जेक्ट कॉल-आरसीयूने उशिरा मोकळे करायचे. त्यासाठी १६ बाइटांचं आरसीयू-हेड कुठेतरी ठेवावं लागतं. ऑब्जेक्टच्या आधी ठेवलं तर अलाइनमेंट बिघडते, म्हणून शेपटाला. पण नुसत्या केफ्रीला कॅश माहीत नसते, फक्त पॉइंटर असतो. शेपूट शोधायला आकार लागतो. मग मॅलॉक-युझेबल-साइझ विचारायचं, ते उत्तर गोल करून वरचा आकडा देतं, म्हणून हेड नेहमी त्या वरच्या आकड्यापासून मागे मोजायचं. इथपर्यंत आलं की लक्षात येतं, आपण मॅलॉकवर हळूहळू एक वाईट स्लब लिहायला घेतलाय.

इतकं सगळं करूनही एक गोष्ट सुटत नाही, आणि तीच या वाटेवरची खरी अडचण आहे: व्हर्ट-टू-पेज. कर्नलमधला बराच कोड पॉइंटर हातात घेतो आणि त्याचं स्ट्रक्ट-पेज, म्हणजे त्या पेजची कर्नलकडची नोंद, मागतो. स्कॅटरलिस्टमध्ये (उपकरणाला द्यायच्या मेमरीच्या तुकड्यांच्या यादीत) बफर टाकला की हे होतं, म्हणजे व्हर्टआयओच्या प्रत्येक आभासी उपकरणात होतं. एलकेएलमध्ये भौतिक आणि आभासी पत्ता एकच असतो आणि मेमरी-मॅप सपाट असतो, म्हणून हिशेब सोपा: पत्त्यातून पट्ट्याची सुरुवात वजा करा, ४०९६ ने भागा, तितक्या क्रमांकाचं स्ट्रक्ट-पेज घ्या. पत्ता पट्ट्यातला असेल तर ठीक. मॅलॉकने दिलेला पत्ता पट्ट्याबाहेरचा असतो. स्ट्रक्ट-पेज ६४ बाइटांचं, म्हणून चूक बरोबर 'अंतर भागिले ६४' इतकी सरकते. प्रोग्रामचं हीप आणि एममॅपचा भाग यांच्यात कित्येक टेराबाइटांचं अंतर असतं, त्यामुळे पॉइंटर मोकळ्या जागेत जातो आणि सेगमेंटेशन फॉल्ट मिळतो. हा झाला बरा प्रकार. मोठा तुकडा एममॅपमधून पट्ट्यापासून १ जीबीवर आला असेल तर चूक फक्त १६ एमबीची होते. तिथे बहुधा दुसऱ्या कुणाची तरी खरी मेमरी असते, आणि कर्नल तिलाच पेजचे फ्लॅग समजून वाचतो, लिहितो.

ईएक्सटी४ च्या जर्नलमध्ये (बदलांच्या नोंदवहीत) याचा एक नमुना पाहायला मिळतो. एखादा मेटाडेटा ब्लॉक जुन्या ट्रान्झॅक्शनमध्ये डिस्ककडे निघालेला असताना नव्या ट्रान्झॅक्शनला तोच बदलायचा असेल, तर जेबीडी२ हा जर्नलचा कोड त्याची 'गोठवलेली' प्रत काढतो. ब्लॉक ४ केबीचा असेल तर प्रतीसाठी अख्खं पेज बडीकडून घेतलं जातं आणि सगळं सुरळीत चालतं. ब्लॉक १ किंवा २ केबीचा असेल तर प्रत स्लॅबमधून येते आणि लिहिण्याआधी तिच्यावर व्हर्ट-टू-पेज चालतं. म्हणजे ४ केबीच्या इमेजवर सगळ्या टेस्ट पास. लहान इमेजवर, जिथे १ केबीचे ब्लॉक अजून सर्रास सापडतात, हलक्या वापरातही पास. भार वाढून दोन ट्रान्झॅक्शन एकाच ब्लॉकवर आदळले की मगच फुटतं. स्कॅटरलिस्टची चूक निदान कर्नलचा डीबग-एसजी पर्याय चालू करून पकडता येते: पट्ट्याबाहेरचा पत्ता दिसताच तो तिथेच बग ओरडतो. जर्नलच्या या वाटेवर तसा पहारा नाही.

आणखी एक मुद्दा सहज नजरेआड होतो: मेमरी कमी पडल्याचा दाब. केमॅलॉक होस्टकडे गेला की लिनक्सच्या दृष्टीने बडीची मेमरी कायम मोकळीच. मेमरी परत मिळवणारा केस्वॅपडी जागा होत नाही, कॅश आकसवणारे श्रिंकर चालत नाहीत, डेंट्री (फाइलनावांची) आणि इनोड कॅश वाढतच राहतात. लाखभर फाइलांच्या झाडावरून एकदा फिरलं की त्या सगळ्यांचे इनोड हीपमध्ये मुक्कामाला. रम्पमध्ये याचा विचार केलेला आहे. रम्प-मेमलिमिट या एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलने मर्यादा घालता येते, आणि ती गाठली की पेजडीमन पूल आणि बफर रिकामे करायला लागतो. लिनक्सवर आवरण लिहिणाऱ्याला हे सगळं स्वतः जोडावं लागतं.

शिवाय आता कर्नलच्या सोर्स-कोडची रचनाही अनुकूल राहिलेली नाही. २०१५ मध्ये कर्नलमध्ये स्लॅब, स्लब, स्लॉब असे तीन अलोकेटर होते, त्यामुळे चौथा बसवायला खाच तयार होती. स्लॉब ६.४ मध्ये गेला, स्लॅब ६.८ मध्ये. उरला एकटा स्लब, आणि मधली सामाईक भिंत पातळ होत चालली आहे. आज वरच्या थरात कापायचं म्हणजे प्रत्येक आवृत्तीला पॅच नव्याने बसवणं आलं. गळती शोधण्यासाठी, छोट्या कॉन्फिगरेशनवर, फाइलसिस्टम आणि व्हर्टआयओ बंद ठेवून हे आवरण उपयोगी आहे. त्यापलीकडे आम्ही ते वापरत नाही.

पट्टा घेऊन बडीच्या हवाली करणं

खालच्या थरात कापलं की वरचे सगळे करार आपोआप पाळले जातात, कारण ते पाळणारा कोड लिनक्सचाच असतो. होस्टने एकदाच पट्टा द्यायचा. कर्नल सुरू करताना कमांड लाइनवर 'मेम=६४एम' असं लिहिलं की बूटचा कोड पेज-अलॉककडून तेवढा पट्टा घेतो, मेमब्लॉकमध्ये नोंदवतो, आणि पुढे तो बडीकडे जातो. पेज-अलॉक दिलं नसेल तर मेम-अलॉकने काम भागवतो आणि सुरुवात पेजच्या सीमेवर आणण्यासाठी थोडी जागा सोडून देतो.

पेज-अलॉक एममॅपने लिहावं, खासगी आणि अनामिक मॅपिंग. सुरुवात पेजलाच नव्हे तर ४ एमबीला अलाइन करणं फायद्याचं. बडीचा सगळ्यात मोठा तुकडा ऑर्डर १०, म्हणजे दोनचा दहावा घात इतकी पेजं, ४ एमबी. पट्टा मधूनच सुरू झाला तर दोन्ही टोकांना लहान तुकडे पडतात आणि ६४ एमबीतले एक-दोन मोठे ब्लॉक वाया जातात. त्यासाठी ४ एमबी जास्त मागायचे आणि पुढचा-मागचा भाग एमअनमॅपने सोडून द्यायचा. आधीच सगळी पेजं भरून घेणारा पॉप्युलेट फ्लॅग लावू नये, नाहीतर न वापरलेली मेमरीही पहिल्या क्षणापासून प्रोसेसच्या नावावर चढते. मॅपिंग चालवण्यायोग्य करायची गरज बीपीएफचा जेआयटी (चालू असताना मशीन-कोड बनवणारा भाग) किंवा मॉड्यूल असतील तरच.

६४ एमबीतलं हाताला किती लागतं ते पाहू. १६,३८४ पेजं, प्रत्येकी ६४ बाइटांचं स्ट्रक्ट-पेज, म्हणजे १ एमबी तिथेच गेला. मिन-फ्री-केबाइट्सचं (कर्नल नेहमी मोकळा राखतो त्या साठ्याचं) सूत्र 'केबीतली मेमरी गुणिले १६, त्याचं वर्गमूळ' असं आहे. ६४ एमबीला ते बरोबर १०२४ केबी येतं. कर्नलचा स्वतःचा कोड आणि डेटा या पट्ट्यात नसतो, तो लायब्ररीच्या इमेजमध्ये असतो, ही जमेची बाजू. बूटच्या वेळी डेंट्री, इनोड, टीसीपी, यूडीपी यांची हॅश टेबलं मेमरीच्या प्रमाणात ठरतात. पट्टा लहान असेल आणि जोडण्या मोजक्याच असतील तर डीहॅश, आयहॅश, टीहॅश, यूहॅश एंट्रीजचे बूट पर्याय देऊन ती आणखी आवळता येतात.

पट्ट्याचा आकार ठरवताना बहुतेक जण 'किती लागेल' एवढंच पाहतात. टीसीपी त्याच आकड्यावरून स्वतःच्या मर्यादा ठरवतो. एका सॉकेटच्या बफरची कमाल मर्यादा मोकळ्या मेमरीचा १२८ वा भाग, आणि वर ठरावीक छत: पाठवण्यासाठी ४ एमबी, घेण्यासाठी बराच काळ ६ एमबी. ६४ एमबीच्या पट्ट्यावर ही मर्यादा जेमतेम ५१२ केबी येते. १०० मिलिसेकंदाच्या राउंड-ट्रिपवर म्हणजे फार तर सेकंदाला ५ एमबी, साधारण ४० मेगाबिट. प्रत्यक्षात त्याहूनही कमी, कारण बफरचा काही भाग पॅकेटांच्या हिशेबातच जातो. एकाच मशीनवर टेस्ट केली तर राउंड-ट्रिप नगण्य, त्यामुळे सगळं छान दिसतं. दूरच्या सर्व्हरशी बोलताना लायब्ररीतला टीसीपी होस्टच्या टीसीपीपेक्षा हळू का, याचं उत्तर पुष्कळदा एवढंच असतं. टीसीपी-आरमेम (घेण्याचा बफर) आणि टीसीपी-डब्ल्यूमेम (पाठवण्याचा बफर) यांचा तिसरा आकडा, म्हणजे ही कमाल मर्यादा, सिसकंट्रोलने वाढवता येतो. पण सगळ्या सॉकेटांची मिळून मर्यादा टीसीपी-मेममध्ये, पेजांत, वेगळी असते आणि ६४ एमबीवर तिचा वरचा आकडा सुमारे ६ एमबी येतो. एकाच्या बफरला ४ एमबी देऊन दहा जोडण्या उघडल्या की कर्नल 'टीसीपी आउट ऑफ मेमरी' छापायला लागतो. दोन्ही आकडे एकत्र ठरवा, किंवा सरळ २५६ एमबीचा पट्टा द्या. न वापरलेली पेजं होस्टवर मोजली जात नाहीतच.

पॅकेट घेताना होणाऱ्या मागण्या जीएफपी ॲटॉमिक असतात, त्या थांबू शकत नाहीत. मोकळा साठा संपला की पॅकेट गळतं. लहान पट्ट्यावर पेज कॅशही (वाचलेल्या फाइलांची मेमरीतली प्रत) त्याच मेमरीतून खात असते, म्हणून फाइलसिस्टम आणि नेटवर्क एकत्र चालवताना मिन-फ्री-केबाइट्स सूत्राच्या दुप्पट ठेवलेलं बरं.

एमएमयू (आभासी पत्ते भौतिक पत्त्यांशी जोडणारं हार्डवेअर) नसलेलं आर्किटेक्चर म्हणून बांधलेल्या एलकेएलमध्ये व्हीमॅलॉक हा नावापुरताच व्हीमॅलॉक असतो. विखुरलेली पेजं सलग दाखवण्याऐवजी आत तो केमॅलॉकच आहे, म्हणजे खरोखर सलग जागा लागते. सलग जास्तीत जास्त ४ एमबी, आणि मागणी दोनच्या घातापर्यंत वर ओढली जाते: ३३ केबी मागितले की ६४ केबी गेले. पेजं सलग पत्त्यांवर मांडणारं व्हीमॅप तर तिथे बोलावताच 'बग' म्हणून कर्नल थांबवतं, त्यामुळे एखादा ड्रायव्हर किंवा फाइलसिस्टम जोडण्याआधी त्यात व्हीमॅप शोधून पाहायचं. त्यात भर म्हणजे पेजं हलवून सलग जागा करणारं कॉम्पॅक्शन एमएमयूशिवाय उपलब्धच नाही. मेमरी एकदा विखुरली की विखुरली. मोठ्या मागण्या, कनट्रॅकचं (जोडण्यांची नोंद ठेवणाऱ्या भागाचं) हॅश टेबल किंवा आयपीटेबल्सचे (फायरवॉलचे) मोठे नियमसंच, सुरुवातीलाच करून घ्याव्यात. लॉगमध्ये 'पेज अलोकेशन फेल्युअर, ऑर्डर ४' आलं तर खालची नॉर्मल झोनची (मेमरीच्या विभागाची) ओळ वाचायची: ४ केबीचे तुकडे शेकड्यांनी आणि ६४ केबीचे शून्य असतील तर मेमरी संपलेली नाही, तुकडे झालेत. हेच चालू असताना पाहायचं तर आत प्रोक माउंट करून बडीइन्फो वाचता येतं.

होस्टला मेमरी परत देणं

या पद्धतीची एक खोट उघड आहे. पट्ट्यातलं पेज एकदा हाताळलं गेलं की लिनक्सने आत ते मोकळं केलं तरी होस्टला ते कळत नाही. प्रोसेसची मेमरी चढते, उतरत नाही. रात्री एकदा मोठी फाइल वाचली की सकाळपर्यंत पट्टा भरलेलाच.

यासाठी लिनक्समध्ये तयार यंत्रणा आहे: ५.७ मध्ये आलेलं फ्री पेज रिपोर्टिंग. ती व्हर्टआयओ बलूनसाठी (व्हर्च्युअल मशीनची मेमरी होस्टला परत देणाऱ्या ड्रायव्हरसाठी) लिहिलेली असली तरी स्वतःचं रिपोर्ट फंक्शन नोंदवायला कुणाची आडकाठी नाही. होस्टच्या स्ट्रक्चरच्या शेवटी आणखी एक फंक्शन-पॉइंटर जोडायचा, रिपोर्ट फंक्शनला मिळालेल्या स्कॅटरलिस्टमधल्या प्रत्येक तुकड्यावर तो बोलावायचा, आणि होस्टच्या बाजूला एमॲडव्हाइजने 'डोन्टनीड' (ही पेजं आता नकोत) सांगायचं. पुढच्या स्पर्शाला होस्ट नवं, शून्य भरलेलं पेज देतो.

एवढं केल्यावर ६४ एमबीच्या पट्ट्यावर काहीच घडत नाही. नोंदणी यशस्वी, चूक नाही, पण फंक्शन कधीच बोलावलं जात नाही. कारण रिपोर्टिंगच्या कोडमध्ये एक अट आहे: झोनमध्ये मोकळी मेमरी 'लो वॉटरमार्क (मोकळ्या मेमरीची खालची पातळी) अधिक ३२ तुकडे' याहून जास्त असेल तरच पुढे जायचं. तुकड्याचा आकार आपोआप पेजब्लॉकइतका धरला जातो, आणि ह्यूजपेज नसलेल्या कॉन्फिगरेशनमध्ये तो ऑर्डर १०, म्हणजे ४ एमबी. बत्तीस चोक एकशे अठ्ठावीस. ६४ एमबीच्या झोनमध्ये १२८ एमबी मोकळे कधीच नसणार. ५.१४ पासून रिपोर्टिंगची ऑर्डर आपल्याला ठरवता येते. ती ५ ठेवली की तुकडा १२८ केबीचा होतो आणि अट ४ एमबीवर येते. याहून खाली गेल्यास एमॲडव्हाइजचे कॉल वाढतात आणि परत मिळणाऱ्या मेमरीच्या मानाने ते महाग पडतात.

पेज कॅश 'मोकळी' धरली जात नाही, म्हणून ती आधी सोडवावी लागते. काम संपल्यावर ड्रॉप-कॅशेस या सेटिंगमध्ये १ लिहिलं की दोनेक सेकंदांत रिपोर्टिंग सुरू होतं. पेज पॉयझनिंग चालू असेल तर मात्र रिपोर्टिंग बंद ठेवा. पॉयझनिंग मोकळ्या पेजात हेक्स एए भरून ठेवतं, 'डोन्टनीड'नंतर तिथे शून्य सापडतं, आणि कर्नल मेमरी करप्शनची बोंब ठोकतो. मेमरी धड असते, पुसली आपणच असते.

गळती आणि बाहेरचं लिखाण पकडणं

पट्ट्याच्या पद्धतीत व्हॅलग्राइंडला एकच भलामोठा तुकडा दिसतो, म्हणून ते आंधळं होतं. पहिली पायरी लिनक्सचीच साधनं: स्लब-डीबग बूट पर्यायाला एफ, झेड, पी, यू ही अक्षरं द्यायची. मोकळ्या ऑब्जेक्टमध्ये हेक्स ६बी भरलं जातं; क्रॅशच्या वेळी रजिस्टरमध्ये ६बी६बी६बी असा पत्ता दिसला की सोडलेल्या ऑब्जेक्टमधला पॉइंटर वापरला गेला हे नक्की. सगळ्या कॅशवर हे लावलं तर लहान पट्टा पुरत नाही, म्हणून संशयित कॅशचं नाव पुढे स्वल्पविराम देऊन लिहायचं.

व्हॅलग्राइंडच हवं असेल तर स्लब तसाच ठेवून त्याच्या देण्या-घेण्याच्या जागी व्हॅलग्राइंडच्या 'मॅलॉकसारखा ब्लॉक' आणि 'फ्रीसारखा ब्लॉक' या सूचना घालता येतात. यात एक मेख आहे. स्लब मोकळ्या ऑब्जेक्टच्या आतच पुढच्या मोकळ्या ऑब्जेक्टचा पॉइंटर ठेवतो, ५.७ पासून साधारण मधोमध. तो वाचला-लिहिला की व्हॅलग्राइंड स्लबवरच आरोप करतं आणि खऱ्या चुका त्या ढिगाऱ्याखाली जातात. पॉयझनिंगचं पी अक्षर चालू केलं की स्लब हा पॉइंटर ऑब्जेक्टच्या बाहेर, शेवटी नेतो, आणि आवाज बराचसा बंद होतो. हार्डन्ड फ्रीलिस्टचा पर्याय मात्र बंद हवा. त्यात पॉइंटर गुंतवून ठेवलेला असतो आणि डीबगरमध्ये यादी हाताने चालता येत नाही.

शेवटी बंद करणं. हॉल्टचा कॉल केला की कर्नलचे थ्रेड संपतात आणि पट्टा एका एमअनमॅपमध्ये जातो, आत कुणी काय सोडलं नाही याचा हिशेब न करता. मॅलॉकच्या आवरणात बूटच्या वेळची प्रत्येक मागणी, जी कर्नल आयुष्यभरासाठीच घेतो, होस्टच्या हीपमध्ये तशीच राहून जाते. सेमाफोर, म्युटेक्स आणि डिस्कची होस्टकडची वर्णनं मात्र दोन्ही पद्धतींत मॅलॉकमधलीच. ती आधी माउंट काढून, मग डिस्क काढून, मग हॉल्ट या क्रमाने सोडवायची. आणि त्याच प्रोसेसमध्ये कर्नल पुन्हा सुरू करायला जाऊ नये: पट्टा नवा मिळतो, पण लायब्ररीच्या डेटा विभागातले पॉइंटर जुन्या पट्ट्याकडेच बोट दाखवत असतात. दुसऱ्यांदा कर्नल हवा असेल तर तो नव्या प्रोसेसमध्ये सुरू करायचा.